थोरलीचा पास

"थांबा, थांबा!" शिट्टी तोंडापर्यंत न्यायच्या आधीच मॅडमनी हात वर केले. "छोटी, बॉल तुझ्या हातात आला की बाकीच्या चौघी काय करतात, बघितलंस कधी?"

छोटीने बॉल कमरेवर टेकवला. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "मी टाकायची वाट बघतात."

"बरोबर. बसस्टॉपवर उभ्या असल्यासारख्या."

हॉलमध्ये हशा पिकला. कोपऱ्यात उभी असलेली डावरी तर हसता हसता खालीच बसली. थोरलीला मात्र हसू आलं नाही. तिला छोटीच्या मानेवरची शीर दिसत होती. ती शीर अशी ताठ झाली, की लहानपणी घरात ताटं आपटली जायची.

क्लबमध्ये थोरलीला सगळे ताई म्हणत. खरं तर ती एकट्या छोटीची ताई. पण छोटीची हाक आधी संघातल्या मुलींनी उचलली, मग फरशी पुसणाऱ्या मावशींनी आणि शेवटी तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मॅनेजरांनीसुद्धा. ती उंच होती, रुंद खांद्यांची होती, धावताना जरा जडच वाटायची. छोटी तिच्या खांद्याला लागायची, पण पायात वारा भरलेला. दोघी एकाच क्लबकडून आठ वर्षं बास्केटबॉल खेळत होत्या. पेपरात फोटो यायचा तो छोटीचा. त्यात कधी कडेला एक मोठा खांदा किंवा अर्धा हात दिसायचा, तो थोरलीचा.

दोघींना खेळायला शिकवलं ते वडिलांनी. ते बाटल्यांच्या कारखान्यात मशीनवर होते आणि कारखान्याच्या संघातून खेळायचे. आई गेली तेव्हा थोरली चौदाची होती आणि छोटी आठची. पोरींचं काय करावं ते वडिलांना सुचेना. स्वयंपाक येत नव्हता, वेण्या घालता येत नव्हत्या, जवळ घेऊन बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांनी गोदामाच्या मागच्या भिंतीवर लोखंडी रिंग बसवली आणि कामावरून आले की दोघींना तिथे न्यायला लागले. नियम एकच. थोरलीने आड उभं राहायचं, छोटीने टाकायचं.

आड उभं राहणं हे सांगायला सोपं काम आहे. छोटीच्या मागावर जी मुलगी असेल, तिच्या वाटेत जाऊन खांबासारखं थांबायचं. पाय रोवायचे, हात छातीशी घ्यायचे आणि हलायचं नाही. हललं की फाउल. ती मुलगी धावत येते आणि धाडकन अंगावर आपटते, तेवढ्यात छोटीला क्षणभर मोकळीक मिळते. छोटीला तेवढा क्षण पुरायचा. बॉल सुटायचा, जाळी वाजायची, फळ्यावर छोटीच्या नावापुढे आकडा वाढायचा. थोरलीच्या वाट्याला बरगड्यांवरचे काळेनिळे डाग यायचे. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. "आपलं बरं आहे," ती म्हणायची, "ती दमते पळून, मी दमते उभी राहून."

पण आठ वर्षांत क्लबने एकदाही चषक उचलला नव्हता. छोटी गुणांत पहिली आणि संघ सहावा, असं ठरूनच गेल्यासारखं झालं होतं. प्रत्येक संघाला ठाऊक होतं की छोटीवर दोघीतिघी सोडल्या की काम भागतं, कारण बॉल दुसरीकडे जातच नाही.

मग या नव्या कोच मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, एका गुडघ्यात लंगडणाऱ्या. पहिल्या पंधरवड्यात त्या फारसं बोलल्याच नाहीत. मग एका सकाळी त्यांनी थोरलीला फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभं केलं आणि बॉल तिच्या हातात दिला.

"यापुढे बॉल आधी तुझ्याकडे येणार. बाकीच्या चौघी तुझ्याभोवती पळतील. जी मोकळी दिसेल तिला द्यायचा."

थोरलीने बॉलकडे असं पाहिलं, जणू कुणी परक्याचं मूल हातात दिलंय. "मॅडम, मला टाकता येत नाही हो."

"टाकायला कोण सांगतंय? तुला टाकायची हाव नाही, म्हणूनच तुला देतेय."

"आणि छोटी?"

"छोटीही पळेल. सगळ्यांसारखी."

पहिले दोन सामने हरले. तिसऱ्यात काहीतरी जुळलं. बॉल थोरलीकडे यायचा आणि तिच्या हातात टिकायचाच नाही. भिंगरी, म्हणजे बॉल पुढे आणणारी त्यांची बुटकी खेळाडू, तिच्या काखेखालून निघून जायची. डावरी कोपऱ्यात जाऊन थांबायची. छोटी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावायची आणि तिच्यामागे दोघीतिघी फरफटत जायच्या. त्या गेल्या की मागे मोकळं मैदान. थोरली तिथे बॉल द्यायची. कधी डावरी टाकायची, कधी भिंगरी, कधी बाकावरून आलेली एखादी मुलगी, जिचं नावसुद्धा प्रेक्षकांना माहीत नसायचं. संघ चौथा आला, मग तिसरा. हंगाम संपत आला तेव्हा तो पहिल्या दोनांत होता आणि छोटीचे गुण निम्म्यावर आले होते.

रविवारी छोटी घरी यायची. क्लबने तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट दिला होता, तिथे ती भिंगरीबरोबर राहायची. थोरली वडिलांपाशी, तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या दोन खोल्यांत. दोन वर्षांपूर्वी वडिलांना झटका आला, तेव्हापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. सगळी गेली नव्हती. एक शब्द राहिला होता. पाणी हवं असलं तरी "छोटे", उजेड डोळ्यांवर आला तरी "छोटे", दुखलं तरी "छोटे". शेजारच्या काकू दिवसा त्यांच्याजवळ बसायच्या, त्यांनाही ते छोटेच म्हणायचे. काकू हसून म्हणायच्या, "साठीला आले, आता कुठे मी छोटी झाले बघा." थोरली संध्याकाळी दारातून आत आली की ते मान वळवायचे आणि म्हणायचे, "छोटे." ती म्हणायची, "आले हो, बाबा."

त्या रविवारी छोटी वडिलांना चमच्याने खीर भरवत होती. थोरली खिडकीशी बसून गुडघ्याला बर्फ लावत होती.

"मला हूल म्हणून वापरतात मॅडम," छोटी म्हणाली. आवाज हळू होता, बाबांपुढे ती आवाज चढवत नसे. "मी पळायचं, लोकांना फसवायचं आणि टाकायचं डावरीने."

"अगं, पण आपण जिंकतोय."

"तुम्ही जिंकताय."

"छोटे, असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते. तुला बरं आहे, सगळा बॉल तुझ्याकडे. तूच ठरवणार कुणाला द्यायचा. आणि मी आपली उन्हातल्या कुत्र्यासारखी इकडून तिकडे."

"माझ्या मनात काही असतं का? जी मोकळी दिसते तिला देते."

छोटीने वडिलांची हनुवटी रुमालाने पुसली. "छोटे," वडील म्हणाले. "हां बाबा, इथेच आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. थोरलीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना पाणी हवं होतं, हे तिला कळलं होतं. तरी ती उठली नाही. छोटीने स्वतः ओळखून दिलं तर बरं, असं तिला वाटत होतं. छोटीने ओळखलं नाही. शेवटी थोरलीनेच पेला आणून दिला.

अंतिम सामन्याच्या आदल्या सकाळी मॅडमनी थोरलीला कपडे धुण्याच्या खोलीत बोलावलं. मशीन घरघरत होतं, त्यामुळे त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

"उद्या शेवटपर्यंत रस्सीखेच होणार. शेवटचा चेंडू आपल्या हातात असला, तर मी छोटीसाठी चाल मांडेन. सगळ्यांसमोर. पण तू बॉल डावरीला द्यायचा."

थोरलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"शेवटचा बॉल छोटीच टाकणार, हे त्यांचं लहान पोरसुद्धा सांगेल. सगळ्या तिच्यावर धावतील. डावरीकडे कुणी बघणारही नाही."

"मग छोटीला सांगू या ना. ती पळेल तशी."

"नाही पळणार." मॅडम मशीनकडे बघत म्हणाल्या. "ज्याला माहीत असतं की बॉल आपल्याला मिळणार नाही, त्याचे पाय खोटं बोलतात. समोरच्यांना ते दिसतं. मला ती खरी पळायला हवी, ताई."

थोरलीला म्हणावंसं वाटलं, की ही माझी बहीण आहे. मग वाटलं, मॅडमना ते ठाऊकच आहे, म्हणून तर या खोलीत बोलावलंय. ती म्हणाली, "बरं."

सामना दुपारी होता. हॉल खच्चून भरला होता. समोरचा संघ तीन वर्षांचा विजेता, पोरी एकीपेक्षा एक धिप्पाड. पहिल्या भागात थोरलीच्या ओठाला कोपर लागून रक्त आलं, दुसऱ्यात भिंगरीचा पाय मुरगळला. तो बांधून ती पुन्हा उभी राहिली. छोटी अशी पळत होती, की तिच्या मागच्या मुलीने एकदा थांबून कमरेवर हात ठेवले आणि छताकडे बघितलं. शेवटचे आठ-दहा सेकंद उरले, तेव्हा थोरलीचा संघ एका गुणाने मागे होता आणि बॉल त्यांच्याकडे होता. मॅडमनी टाइम-आउट घेतला.

त्या खुर्चीवर बसल्या आणि पाटीवर खडूने रेघा मारल्या. "बॉल ताईकडे. छोटी, तू इथून निघायचं, या दोघींच्या आडून वळायचं, इथे बाहेर यायचं. ताई देईल. टाकायचा."

छोटीने वर पाहिलं. कित्येक महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नव्हतं. तिने थोरलीचा हात पकडला आणि दाबला. तिचा तळवा ओला आणि गरम होता. "जोरात दे गं," ती म्हणाली. "छातीवर."

थोरलीने मान डोलावली.

बॉल थोरलीच्या हातात आला. पाठीला समोरची मुलगी चिकटली होती. डावीकडे कोपऱ्यात डावरी हात खाली सोडून उभी होती, जणू तिचं काही कामच नाही. आणि उजवीकडून छोटी निघाली. पहिल्या आडून वळली, दुसऱ्या आडून वळली, दोघी तिच्यामागे होत्या, डावरीसमोरची तिसरीही तिकडेच झुकली. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच अगदी. पण छोटी त्या दिवशी मॅडमच्या हिशेबापेक्षाही जास्त वेगाने पळाली. तिने दोघींनाही मागे टाकलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्यासमोर कुणीही नव्हतं. तिने दोन्ही हात छातीशी धरले, बोटं फाकवली आणि थोरलीच्या डोळ्यांत बघितलं.

थोरलीने तिला बघितलं. आणि बॉल डावरीकडे फेकला.

डावरीने शांतपणे, सरावात टाकावा तसा, टाकला. जाळी वाजली. भोंगा वाजला. मग हॉलचं छत उडून जाईल असा आरडाओरडा झाला, बाकावरच्या मुली धावत आल्या, भिंगरी लंगडत येऊन थोरलीच्या गळ्यात पडली. डावरीला कुणीतरी खांद्यावर घेतलं. त्या गर्दीतून थोरलीने वाकून पाहिलं. छोटी होती तिथेच उभी होती. हात अजून छातीशी होते. मग तिने ते खाली घेतले, शर्टाला पुसले आणि समोरच्या संघातल्या मुलींना रीतीप्रमाणे हात मिळवायला गेली.

फोटोत ती हसली. पदक गळ्यात घालून घेतलं. बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर एकटी बसली. थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा तिने शेजारच्या सीटवरची बॅग उचलली नाही.

थोरली घरी आली तेव्हा टीव्ही अजून चालू होता. काकूंनी टाळ्या वाजवल्या, तिच्या फुटलेल्या ओठाला हळद लावते म्हणाल्या. वडील उशीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते डावा हात उचलून टीव्हीकडे दाखवत म्हणाले, "छोटे?" आणि मग तिच्याकडे बोट करून, जरा चिडून, "छोटे?"

"येईल हो बाबा," थोरली म्हणाली. "रविवारी येईल."

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. फोन उचलायची, बाबांशी बोलायची, म्हणजे तीच बोलायची. बाबा एकच शब्द म्हणायचे. थोरलीने कानाला फोन लावला की म्हणायची, "ठेवते, घाई आहे."

महिनाभराने मॅनेजरांनी पुढच्या हंगामाचे करार केले. थोरलीचा झाला, डावरीचा झाला. छोटीला बोलावून सांगितलं, की क्लब तिचा आभारी आहे. थोरलीला हे भिंगरीकडून कळलं, तशी ती सरळ मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, तिला ठेवा. तिच्यामुळेच जिंकलो ना आपण? ती पळाली म्हणून डावरीला मिळाला."

"मी सांगितलं गं त्यांना," मॅडम म्हणाल्या. त्या खरंच थकलेल्या दिसत होत्या. "तासभर डोकं फोडलं. त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं. म्हणे, मॅडम, तुम्हीच दाखवून दिलंत, एकीवर संघ उभा करायचा नसतो. मग सगळ्यांत महागडी कशाला ठेवायची?"

थोरली तिथूनच छोटीच्या फ्लॅटवर गेली. सामान बांधायला मदत करावी, बांधता बांधता बोलणं निघेल, असं तिच्या मनात होतं. वाटेत तिने जाड दोरीचं बंडल विकत घेतलं. दार भिंगरीने उघडलं. छोटीची खोली झाडून ठेवलेली होती. पलंगावर गादीची गुंडाळी.

"सकाळीच गेली, ताई," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "मीच विसरले." आणि दोरीचं बंडल घेऊन ती घरी आली.

छोटीला घेतलं ते दूरच्या एका गावातल्या क्लबने. दिवसभराचा बसचा प्रवास. तो संघ शेवटून दुसरा असायचा. तिथे प्रत्येक बॉल छोटीकडे जायचा. ती पुन्हा गुणांत पहिली आली आणि तिचा संघ हरतच राहिला. थोरली वडिलांना उशी देऊन बसवायची आणि टीव्हीवर छोटीचा सामना शोधायची. पण त्या संघाचे सामने कधी दाखवतच नसत. मग ती आकडे वाचून दाखवायची. "बाबा, काल छोटीने एकतीस केले." बाबा मान हलवायचे.

थंडीत त्यांना दुसरा झटका आला आणि तीन दिवसांत ते गेले. छोटी रात्रभर प्रवास करून पोचली. सगळं उरकेपर्यंत दोघी एकमेकींच्या बाजूला उभ्या होत्या, आलेल्या माणसांना नमस्कार करत, कारखान्यातल्या जुन्या मित्रांना खुर्च्या देत. लोक म्हणत होते, दोन्ही पोरींनी नाव काढलं हो. दुपारी माणसं पांगली. काकू खाली गेल्या. छोटीची बस संध्याकाळची होती, दुसऱ्या दिवशी तिचा सामना होता. तिने ओट्यावरचे कप विसळायला घेतले. थोरली फडक्याने पुसून ठेवू लागली.

"शेवटी काय म्हणाले?" छोटीने विचारलं.

"तुझंच नाव."

"त्यांच्याकडे दुसरा शब्द होता कुठे?"

"नव्हता." थोरलीने एक कप फळीवर ठेवला. "पण सगळे गेले आणि उरला तो तोच ना."

छोटीचा हात नळाखाली थांबला. पाणी तसंच वाहत राहिलं. तिने थोरलीकडे पाहिलं आणि बहुधा पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, की बाबांची वाचा गेल्यापासून या घरात थोरलीला तिच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. पण ती त्यावर काही बोलली नाही. तिच्या मनात दुसरंच साठलं होतं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी तू मला बघितलंस ना?"

"बघितलं."

"मी मोकळी होते?"

थोरलीला सहज म्हणता आलं असतं, की नव्हतीस, मागची मुलगी पोचलीच होती. छोटीने ते मानलं असतं. तिला मानायचंच होतं. पण पलीकडच्या खोलीतली खाट नुकतीच रिकामी झाली होती आणि थोरलीला त्या घरात खोटं बोलवेना.

"होतीस," ती म्हणाली. "पुरेशी होतीस."

"मग?"

"मॅडमनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. डावरीला द्यायचा म्हणून."

"म्हणजे तुला ठाऊक होतं." छोटी हळूहळू बोलत होती. "मी तुझा हात धरला, तेव्हाही."

"हो."

"आणि मला नव्हतं."

"तुला ठाऊक असतं, तर तू तशी पळाली नसतीस, छोटे."

छोटीने नळ बंद केला. "खरंय," ती म्हणाली. "नसते पळाले." मग तिने हात पुसले. "पण तुझ्यासाठी पळाले असते. सांगून तर बघायचंस."

थोरलीच्या हातातला कप पुसून कधीचाच कोरडा झाला होता. ती तो पुसतच राहिली. छोटीने बाबांच्या कपाटातून त्यांचा कारखान्याच्या संघाचा जुना शर्ट घेतला, घडी घालून बॅगेत ठेवला, "नेऊ ना?" असं विचारलं. थोरली म्हणाली, "ने की." जिन्यापर्यंत दोघी बरोबर गेल्या. छोटी दोनदोन पायऱ्या टाकत उतरून गेली.

हंगामाच्या शेवटी छोटीचा संघ त्यांच्या हॉलमध्ये खेळायला आला. प्रेक्षकांनी छोटीसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिने हात वर केला. दुसऱ्या रंगाच्या शर्टात ती जरा बारीक दिसत होती.

"हिला कसं थांबवायचं?" मॅडमनी कपडे बदलायच्या खोलीत विचारलं होतं. सगळ्या थोरलीकडे बघायला लागल्या.

"दोघी ठेवा," थोरली म्हणाली. "बाकीच्यांकडे बॉल जातच नाही."

तसंच झालं. मध्यांतरापर्यंत सामना एकतर्फी झाला होता. छोटी पळत होती, पडत होती, उठत होती. तिच्या संघातल्या मुली तिच्याकडे बॉल फेकायच्या आणि जागेवर उभ्या राहायच्या.

तिसऱ्या भागात बॉल भिंगरीकडे होता आणि छोटी तिच्यासमोर, पाठमोरी, मागे मागे धावत येत होती. थोरली नेहमीप्रमाणे पुढे झाली आणि भिंगरीसाठी आड उभी राहिली. पाय रोवले, हात छातीशी घेतले. अशा वेळी पाठमोरं मागे येणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, त्याच्या संघातलं कुणीतरी "आड!" म्हणून ओरडतं आणि सावध करतं. थोरलीने वाट पाहिली. छोटीच्या संघातलं कुणीच ओरडलं नाही. छोटी पूर्ण वेगाने मागे येत होती, तिचं डोकं सरळ थोरलीच्या कोपराच्या रेषेत होतं.

"छोटे, आड!"

आपण बोललो, हे थोरलीला आवाज ऐकू आल्यावर कळलं. छोटी गर्रकन वळली, तिचा खांदा थोरलीच्या छातीला घासून गेला. क्षणभर तिच्या केसांचा ओला वास आला. आणि भिंगरी बावरून थांबली तेवढ्यात छोटीने तिच्या हातातला बॉल काढला, एकटीच धावत गेली आणि रिंगमध्ये टाकून आली. परत येताना ती थोरलीच्या अगदी जवळून गेली. बघितलं नाही. पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, लहानपणी रडू आवरताना मिटायचे तसे.

"ताई, तुम्ही नक्की कुणाकडून खेळताय?" भिंगरी ओरडली.

मॅडमनी बदली मागितली. थोरली बाहेर आली, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. नुसता टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "बस जरा."

ती बाकाच्या टोकाला बसली. आड उभं राहणाऱ्याचं तोंड रिंगकडे नसतं. आणि बॉल दिला की पुढच्या जागेवर धावायचं असतं, मागे वळून बघायला सवड नसते. छोटीने टाकलेला बॉल तिने एवढी वर्षं कानांनीच ऐकला होता. जाळी वाजली की कळायचं, गेला. स्वस्थ बसून, कुणाच्याही वाटेत नसताना, छोटीला खेळताना बघायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

समोर छोटीने बॉल घेतला. दोघी तिच्या अंगावर आल्या. ती डावीकडे झुकली, थांबली, आणि त्या दोघींच्या मधून सरळ वर उठली. किती वर उठते ही, थोरलीच्या मनात आलं. बॉल सुटला, छताच्या दिव्यांखालून सावकाश वळण घेत आला आणि रिंगला स्पर्शही न करता आत गेला. छोटीचा संघ वीस गुणांनी मागे होता. त्या बॉलने काहीच बदलणार नव्हतं. तिच्या सोबतच्या मुली पाठ फिरवून परत धावायलाही लागल्या होत्या.

थोरलीचे हात टाळीसाठी वर आले. आजूबाजूला तिच्याच संघाच्या मुली बसल्या होत्या. तिने हात टॉवेलमध्ये गुंडाळले आणि मांडीवर ठेवले.